वॉर्डाबाहेरचं शिक्षण



खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. ते स्वीकारताना पहिलं नाव घेतो ते डॉ. सुशीला नायर यांचं, सेवाग्रामला शिकलेल्या आम्हा सर्वांच्या बडी बहनजींचं. ३ जानेवारी २००१ ला त्या गेल्या. माझ्या हातून जी काही रुग्णसेवा झाली, तिच्या मुळाशी त्या आहेत.

त्यांचं चरित्र तुम्हाला ठाऊक आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिक्षण, गांधीजींचा सहवास, आगाखान पॅलेसमधली कैद, पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आणि १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्रिपद. एवढं सगळं झाल्यावर दिल्लीत मानानं राहता आलं असतं. त्यांनी मात्र १९६९ मध्ये, गांधीशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामसारख्या खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं.

तिथं आल्याबरोबर पुस्तक हाती पडायचं नाही. आधी आश्रमात शिबिर. पहाटे प्रार्थना, मग सफाई, श्रमदान, सूतकताई. अंगावर खादी. शहरातून आलेल्या पोरांना हे जड जायचं. त्यानंतर प्रत्येक तुकडीला एक गाव मिळायचं आणि त्या गावातली घरं विद्यार्थ्यांमध्ये वाटली जायची. घरात माणसं किती, विहीर कुठं, बाळंतपण कुणी केलं, मुलाला लस टोचली का, हे सगळं आम्ही ओट्यावर बसून विचारायचो. गावातली म्हातारी आम्हाला चहा पाजायची आणि आमच्या प्रश्नांना हसायची. रक्तक्षय म्हणजे काय हे मला पुस्तकाआधी तिथं कळलं: सर्वांची ताटं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई मी त्या घरांत पाहिली.

म्हणून मी त्यांना माझी गुरू म्हणतो. वर्गात उत्तम शिकवणारे प्राध्यापक मला पुष्कळ लाभले, त्यांचं ऋण आहेच. बहनजींनी मात्र अशी व्यवस्था लावून दिली की कुणाच्या तरी घराचा उंबरठा ओलांडल्याशिवाय डॉक्टर होताच येऊ नये. चांगुलपणा त्यांनी विद्यार्थ्यांच्या मर्जीवर सोडला नाही, तो अभ्यासक्रमात बसवला. त्याच संस्थेत डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करून आरोग्यविमा चालवला. ज्यानं पायली दिली, तो दवाखान्यात हक्कानं यायचा. दयेवर आलेला रोगी आणि हक्कानं आलेला रोगी यांच्या डोळ्यांतला फरक ज्यानं पाहिला, त्याला तो विसरता येत नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. आपलं तळेगाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. रोगी अत्यवस्थ झाला की गाडी थेट मोठ्या शहराकडे धावते, आणि अनेकदा तेच योग्य असतं. पण फवारणी करताना तोंडाला फडकंसुद्धा न बांधणारा मजूर, अंधारात अनवाणी ओलिताला जाणारा शेतकरी, गोळ्या मधेच सोडणारी रक्तदाबाची बाई, यांचा रोग महामार्गावर उपजत नाही. तो घरात आणि शेतात उपजतो, आणि तिथवर जाणारे आपणच आहोत.

आज आपल्या केंद्रांवर इंटर्न येतात. त्यांना आपण रजिस्टर भरायला बसवतो, ओपीडीची गर्दी उरकायला लावतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे: प्रत्येकाला निदान पाच घरं नेमून द्या. पहिल्या भेटीला स्वतः सोबत जा, ओट्यावर बसा, त्यांना प्रश्न विचारू द्या. दुपारच्या सत्रात या विषयाचा ठराव येतो आहे. तो मंजूर करताना कोणत्या केंद्रानं कोणतं गाव घ्यायचं, हेही आजच लिहून काढू. माझ्याकडच्या गावाचं नाव मी सर्वांत आधी देतो.