‘अप्रीती’चा अर्थ



शिक्षेच्या कायद्यातील एका शब्दाचा अर्थ न्यायाधीशाने किती ताणावा? यासाठी आम्ही १८९७ सालचे मुंबई हायकोर्ट आपल्यापुढे ठेवतो. ‘केसरी’तील मजकुरावरून टिळकांवर १२४ अ कलमाखाली राजद्रोहाचा खटला झाला. सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे, हा गुन्हा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! द्वेष, वैर, तिरस्कार हेही त्यांनी पुढे सांगितले. पण पहिल्याच व्याख्येने दार सताड उघडले होते. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता आपल्या व्याकरणाला विचारू. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला कोणीही नव्हे. अमित्र म्हणजे शत्रू. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसावर आमची प्रीती नसते, म्हणून आम्ही काय त्याचे वैरी झालो? सारा वेळेवर भरणाऱ्या शेतकऱ्याने सरकारवर प्रेमही करावे, असे कोणता कायदा सांगतो? शिवाय, आज्ञापालनाची वृत्ती कायम ठेवून सरकारच्या उपायांचा निषेध करणे हा गुन्हा नव्हे, असे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले होते. शिक्षेच्या कायद्यात शब्दाचे दोन अर्थ संभवत असतील, तर आरोपीला अनुकूल तो घ्यावा, ही रीत जुनीच आहे.

मौज अशी की, त्याच वर्षी त्याच कोर्टात ‘प्रतोद’ पत्राच्या खटल्यात पूर्णपीठापुढे हाच शब्द आला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्यांनी सुरू केली, ते न्यायमूर्ती रानडे त्या पीठावर होते. अप्रीती म्हणजे प्रीतीचा नुसता अभाव नव्हे, तर राजनिष्ठा सोडून सत्तेला झुगारण्याकडे वळणारी प्रत्यक्ष विरोधी भावना, असा अर्थ त्यांनी लावला. आम्हाला तोच पटतो.

परंतु १८९८ साली सरकारने कलमच रुंद केले, आणि १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलनेही टिळक खटल्यातील व्यापक अर्थच उचलून धरला. हिंसा किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याकडे कल असेल तरच गुन्हा, ही मर्यादा सुप्रीम कोर्टाने १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात घातली. २०२२ च्या मे महिन्यात त्याच कोर्टाने या कलमाचा अंमल थांबविला.

१ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तिच्या १५२ व्या कलमात ‘अप्रीती’ नाही. मात्र फुटीर कारवायांच्या ‘भावना’ चेतविणे हा गुन्हा आहे. या ‘भावना’ शब्दाची लांबीरुंदी आता हायकोर्टांना ठरवावी लागणार आहे.