एकपायी काठी आणि आपले फोटो
(जामबाग येथील सभासदांच्या मेळाव्यात झालेले व्याख्यान)



या सभेत आजवर दासबोधावर, आरोग्यावर, मुलांच्या शिक्षणावर व्याख्याने झाली. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते एका काठीवर. विषय हलका वाटेल. काठीही हलकीच आहे, अर्ध्या किलोच्या आसपास. फोटोवाले तिला मोनोपॉड म्हणतात. तिपाईला तीन पाय, हिला एकच, म्हणून आम्ही तिला एकपायी काठी म्हणतो.

पण विषय निघाला तो हलक्या कारणाने नव्हे. या स्मरणिकेसाठी कार्यालयाच्या कपाटातले जुने अल्बम आम्ही उघडले. सत्कार, हळदीकुंकू, गणेशोत्सवातली नाटके, शिष्यवृत्तीवाटप, सारे त्यांत आहे. परंतु मागे नावे लिहिलेली असूनही कित्येक फोटोंत चेहरा ओळखू येत नाही. एका कुटुंबातली मंडळी आपल्या आजोबांचा फोटो मागावयास आली होती. आजोबांचे नाव देणगीदारांच्या फलकावर आहे, घरी मात्र त्यांचा एकही फोटो नाही. आणि अल्बमात निघाला तोही असाच पुसट. आम्ही तोच दिला. सूनबाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन पुष्कळ वेळ पाहिला आणि वहीच्या पानांत जपून ठेवला.

असा फोटो हाती आला की आधी मागची भिंत पाहावी. भिंतीवरचा फलकही पुसट असेल तर बहुधा कॅमेरा हललेला असतो. फलक वाचता येतो आणि माणूस तेवढा पुसट, तर माणूस हललेला असतो. आमच्या अल्बमांत पहिला प्रकार फार. सभागृहातला उजेड मंद, त्यामुळे शटर अधिक वेळ उघडे राहते, आणि तेवढ्यात हात थरथरतो.

याच शहरात राजा दीनदयाळ यांनी काम केले. जन्म १८४४ चा, मृत्यू १९०५ चा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्यांच्या फोटोंत महालांच्या कमानी आणि दरबाऱ्यांचे चेहरे आजही स्वच्छ दिसतात. त्यांचे कौशल्य तर होतेच. पण काचेच्या प्लेटांचा तो जड कॅमेरा भक्कम तिपाईवर उभा असे, हेही विसरता येत नाही.

मग आपणही तिपाईच का आणू नये? आणून पाहा! खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये तिचे तीन पाय पसरले की कोणा आजींचा पदर अडकलाच म्हणून समजा. चारमिनार, गोवळकोंडा यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाईला वेगळी परवानगी लागते. काठीसाठीही दारावर विचारून घेतलेले बरे. शिवाय चांगली तिपाई दीड-दोन किलोची. काठी मिटली की हातभर होते आणि खांद्यावरच्या झोळीत मावते.

आता ती वापरावयाची कशी? दोन पाय आपले आणि तिसरा काठीचा, हे सूत्र लक्षात ठेवावे. पाय खांद्याइतके फाकून उभे राहावे, काठीचे टोक थोडे पुढे टेकवावे आणि अंगाचा किंचित भार तिच्यावर द्यावा. अगदी सरळ उभी ठेवलेली काठी मागेपुढे डुलते. कॅमेरा मान न वाकवता डोळ्यांशी यावा इतकी उंची हवी. उंची करताना आधी वरचे जाड भाग ओढावेत. खालची बारीक नळी लवचिक, ती शेवटी. कोपर अंगाशी, डावा हात कॅमेऱ्यावर, अर्धा श्वास सोडून बटण हळूच दाबावे, आणि लागोपाठ तीन-चार फोटो घ्यावेत. त्यांतला एखादा नक्की साधतो. शहाबादी फरशीवर रबरी टोकच हवे. खुर्चीत बसून काठी गुडघ्यांमध्ये धरली तर आणखी उत्तम.

लाभ किती? जुना ठोकताळा असा की ८५ मिलिमीटरची लेन्स हातात धरली तर सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाहून सावकाश फोटो घेऊ नये. काठी असेल तर साधारण पंचविसाव्या भागापर्यंत उतरता येते, म्हणजे चौपट प्रकाश. नव्या कॅमेऱ्यांत थरथर आवरण्याची सोय असते, मग काठी कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण जड लेन्स घेऊन दोन तासांचा सत्कारसमारंभ काढा, म्हणजे मनगटच उत्तर देईल.

काठीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती कॅमेऱ्याला आवरते, माणसाला नाही. फुगडी खेळणाऱ्या मुली पंचविसाव्या भागात पुसटच येणार. तेथे शटर जलदच हवे. रात्रीच्या रोषणाईचे कित्येक सेकंदांचे फोटो तिपाईवाचून नाहीत. आणि काठी उभी सोडून पाणी प्यावयास जाऊ नये; ती एका पायावर उभी राहणार नाही, आणि खर्च कॅमेऱ्याचा येईल.

गर्दीत मात्र तिला तोड नाही. जामबागेत फुलवाल्यांपुढे, किंवा गणेशविसर्जनाची मिरवणूक मोझमजाही मार्केटावरून हुसेनसागराकडे निघते तेव्हा, तिपाई कोठे मांडणार? काठीला वीतभर जागा पुरते. दहा सेकंदांचा टायमर लावून कॅमेरा डोक्यावर उचलला तर माणसांच्या वरून मूर्ती दिसते. वर विजेच्या तारा नाहीत एवढे आधी पाहावे. मोबाइलसाठी चिमटा मिळतो, तो काठीच्या पाव इंची स्क्रूवर बसतो.

यंदा पंचाहत्तरी ओलांडलेल्या सभासदांचे फोटो घरोघरी जाऊन काढावयाचे ठरले आहे. खिडकीजवळ खुर्ची, फ्लॅश नाही, चेहरा नेहमीचा. यासाठी दोन काठ्या कार्यालयात ठेवल्या आहेत. वहीत सही करून कोणीही न्याव्यात. मागे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनचा उठाव पुढे उमटतो. काठी येथे टेबलावर आहे. चहा येईपर्यंत ज्यांना हाताळावयाची असेल त्यांनी पुढे यावे, आणि सुरुवात पहिल्या रांगेतल्या आजींपासून करावी.