नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बायका

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत महिला शाखेच्या वाचन गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही विषय कळवला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "चवथीच्या दिवसांत पॅलेस्टाइन कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण आज आम्ही बोलणार आहोत ते आमच्यासारख्याच, बऱ्याचशा नातवंडं असलेल्या काही इस्रायली बायकांबद्दल. त्या भल्या पहाटे उठून आपल्याच सैन्याच्या तपासणी नाक्यावर जातात, तिथे उभ्या राहतात, काय चाललंय ते बघतात आणि घरी येऊन पाहिलेलं लिहून काढतात. एवढंच त्यांचं काम. त्यांच्या गटाचं नाव 'मखसोम वॉच'. मखसोम म्हणजे हिब्रूत अडथळा, नाका.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६७ च्या युद्धापासून वेस्ट बँक हा भाग इस्रायली सैन्याच्या ताब्यात आहे. १९९५ च्या कराराने त्याचे अ, ब आणि क असे तीन विभाग पडले. त्यातला क विभाग म्हणजे सुमारे ६० टक्के जमीन, आणि तिथे सगळा कारभार इस्रायलचा. आपल्याला वाटतं की नाके सीमेवर असतील. पण बहुतेक नाके सीमेवर नाहीत, वेस्ट बँकच्या आत आहेत. एका गावातून दुसऱ्या गावाला, शेताला, कॉलेजला, दवाखान्याला जाताना ते लागतात.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे उठाव, सुरू झाला. बसमध्ये, हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. त्या काही वर्षांत हजारभर इस्रायली आणि तीन हजारांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं मेली. इस्रायली घरांतली भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगायला हवं. त्याच काळात नाके वाढले आणि २००२ पासून भिंत उभी राहू लागली. तिची आखलेली लांबी सुमारे ७०० किलोमीटर. १९४९ ची युद्धबंदी रेषा मात्र याच्या निम्मीही नाही, कारण भिंत त्या रेषेवरून न जाता वळणं घेत आत शिरते. त्यामुळे अनेक गावांची घरं एका बाजूला आणि ऑलिव्हची झाडं दुसऱ्या बाजूला राहिली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये सल्ला देताना ताब्यातल्या प्रदेशातली ही भिंत बेकायदा ठरवली.

जानेवारी २००१ मध्ये तीन बायकांनी हा गट सुरू केला. पुढे त्यात शेकडो बायका आल्या. गट फक्त बायकांचाच. दोघी-तिघी, कधी चौघी मिळून पाळी लावतात, कुणी सकाळची, कुणी दुपारची. हातात अधिकार काहीच नाही. शिपायाने मागे व्हा म्हटलं की मागे व्हायचं. फार तर सैन्याच्या कचेरीत फोन करायचा, की इथे एक म्हातारा तासभर उन्हात बसलाय, त्याचं काय ते बघा. कधी त्या फोनाने काम होतं, कधी होत नाही.

त्यांनी लिहिलेली टिपणं आम्ही वाचली. त्यांत मोठ्या घटना थोड्या, रोजचं जगणं फार. बेथलेहेमच्या नाक्यावर पहाटे तीन-चारपासून मजुरांची रांग, कारण कामावर सहा-सातला हजर व्हायचं असतं. लोखंडी जाळीची अरुंद वाट, एकेका माणसाला आत घेणारं फिरतं दार, मग परवाना आणि बोटांचे ठसे. भिंतीतले शेताचे दरवाजे बघा. काही दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ उघडतात, पुष्कळसे फक्त ऑलिव्हच्या तोडणीच्या हंगामात. वेळ चुकली तर शेतकरी बाहेर, नाहीतर आत अडकलेला. जेरुसलेमच्या इस्पितळात न्यायचा रुग्ण नाक्यावर एका रुग्णवाहिकेतून उतरवून दुसरीत घालावा लागतो. आणि काही माणसांना परवानाच मिळत नाही. 'सुरक्षेच्या कारणास्तव' एवढंच उत्तर, कारण सांगत नाहीत. अशा माणसांचे अर्ज करून देण्याचं चिकाटीचं काम या गटातल्या काही जणींनी केलं.

एक प्रसंग मात्र सगळ्या इस्रायलला ठाऊक झाला. नोव्हेंबर २००४, नाब्लुसजवळचा बेत इबा नाका. एक पॅलेस्टिनी तरुण व्हायोलिन घेऊन चालला होता. शिपायांसमोर उभा राहून तो ते वाजवतोय, मागे माणसं ताटकळली आहेत, असं गटातल्या एका बाईने कॅमेऱ्यात टिपलं. त्याला वाजवायला कुणी भाग पाडलं नाही, असं सैन्याचं म्हणणं पडलं. त्याचं सांगणं वेगळं होतं. पण नाझी छावण्यांत ज्यू वादकांना वाजवायला लावलं जात असे, ही आठवण ज्या देशाच्या घराघरांत आहे, तिथे ते चित्र बघून लोक हादरले. तिथे ती बाई नसती तर ही गोष्ट त्या नाक्यावरच राहिली असती.

आम्हाला सगळ्यात जास्त थांबवलं ते या गोष्टीने: नाक्यावरचा शिपाई अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. तिथे बहुतेक ज्यू मुलामुलींना सैन्यात जावंच लागतं. म्हणजे या बायका ज्याच्याकडे बघत उभ्या असतात तो कुणा शेजारणीचा मुलगा, कदाचित स्वतःचा नातू. त्यांच्याच देशात पुष्कळ लोक त्यांना देशद्रोही म्हणतात. आपल्या मुलाच्या हातून काय होतंय ते डोळे उघडे ठेवून बघणं आणि लिहिणं आम्हाला जमलं असतं का? आमच्या गटात यावर दोन दिवस वाद झाला. सगळ्याजणी 'हो' म्हणाल्या नाहीत.

त्यांच्यातही वाद आहे. आपल्या फोनाने रांग जरा पुढे सरकते, पण त्याने नाकाच सुसह्य होतो का? २०१९ मध्ये कलंदिया आणि बेथलेहेमला नवी यंत्रं बसली, रांगा पुष्कळ लहान झाल्या. पण परवाना लागतोच, आणि तो देणारा हात तोच. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझाचं युद्ध. लाखाहून जास्त मजुरांचे परवाने एका झटक्यात बंद झाले. बांधकामावरच्या त्यांच्या जागी पुढे भारतातूनही कामगार गेले. रांगा संपल्या, कारण मजुरीच संपली. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २०२३ च्या सुरुवातीला वेस्ट बँकमध्ये नाके, फाटकं, मातीचे ढीग धरून ६४५ अडथळे होते, २०२५ च्या सुरुवातीला ८४९. म्हणजे चोवीस वर्षं बघून आणि लिहून नाके कमी झाले नाहीत, हे मान्य करायला हवं.

मग उपयोग काय? गोव्यातल्या जुन्या घरांना याचं उत्तर थोडं ठाऊक आहे. १९५५ नंतर सीमा बंद झाली तेव्हा सावंतवाडीची सासुरवाशीण माहेरी जाऊ शकेना, असल्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या. तुलना करायची नाही, तो काळ आणि तो प्रश्न निराळा. पण कोण किती वेळ थांबलं, कुणाला परत पाठवलं, हे आमच्या घरांत कुणी लिहून ठेवलं नाही. आज्या गेल्या आणि त्या गोष्टीही गेल्या. तिकडे मात्र तारीख, वेळ, नाक्याचं नाव घालून हजारो पानं लिहून ठेवलेली आहेत, आणि ती लिहिणाऱ्या पलीकडच्या बाजूच्या आहेत. उद्या कुणी 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणालं, तर त्याला ती पानं आधी खोडावी लागतील.

आपल्या कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांच्या तशा आठवणी कुणाकडे असतील तर आमच्या शाखेकडे लिहून द्या, एक पान दिलंत तरी चालेल. 

गणपती बाप्पा मोरया!