गुडघ्याचं मलम आणि वुर्म नदी

मी आखनहून बोलतोय.

आई इथे आली, की रोज रात्री गुडघ्यांना डायक्लोफेनॅकचं मलम चोळते आणि हात धुते. त्यातलं अगदी थोडं त्वचेत मुरतं. बाकीचं जातं कुठे? हात, अंघोळ आणि कपड्यांच्या पाण्यातून थेट गटारात.

आखनचं बरंच सांडपाणी झोअर्सच्या केंद्रात शुद्ध होऊन वुर्म या छोट्याशा नदीत जातं. शुद्धीकरणातले जिवाणू बाकीची घाण खातात, हे औषध मात्र बरंचसं तसंच राहतं. म्हणून २०१८ पासून तिथे पाण्यात ओझोन सोडतात. पण त्याला भरपूर वीज लागते आणि सगळीकडे ही सोय नाही.

हेच औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन भारतात लाखो गिधाडं मेली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली.

तेव्हा एवढंच करा: मलम लावलं की हात आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मग धुवा. उरलेली औषधं संडासात नकोत. इथे ती 'रेस्टम्युल'मध्ये टाकायची. तो कचरा वाइसवायलरला जाळतात.

आई म्हणाली, "एवढंच ना? आधी सांगायचंस!"

तुम्हीही घरी सांगा.