चोकवरच चालणारी गाडी: जुन्या एटीव्हीचा कार्ब उघडण्याआधी

(या भागाचं लेखी रूप. बोलताना दोनदा आलेली वाक्यं तेवढी काढली आहेत.)

आजचा भाग थोडा माझ्या चुकीचा आहे. काम तेच, जुन्या एटीव्हीचा कार्ब्युरेटर साफ करणं. पण हे काम मी एकदा चुकवलं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ते आधी सांगतो, मग कामाकडे वळू.

माझं गॅरेज अलिबाग तालुक्यात आहे. नागाव, काशीदकडे तुम्ही कधी आला असाल तर किनाऱ्यावर त्या चार चाकांच्या गाड्या पाहिल्या असतील. पर्यटकांना फेरी मारायला देतात. त्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्या चिनी बनावटीच्या, ११० सीसीच्या आसपासच्या. इंजिन साधं, हवेवर थंड होणारं, आणि कार्ब आपल्या जुन्या मोटरसायकलीसारखाच. त्यामुळे मोटरसायकल येणाऱ्याला ही गाडी येतेच, असं मला वाटायचं.

एका ऑक्टोबरमध्ये गावातला एक पोरगा गाडी ढकलत घेऊन आला. सेकंडहँड घेतलेली, हप्ते चालू. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी होती, टाकीत पेट्रोल तसंच. म्हणाला, "दादा, चोकवर चालू होते, चोक काढला की बंद. कार्ब साफ करून द्या. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यात, गिऱ्हाईक यायला लागलंय."

आता बघा, निदान त्यानेच करून टाकलं होतं आणि मीही मान डोलावली. कार्ब उघडला, स्लो जेट बंदच होता. साफ केला, गाडी चोकशिवाय उभी राहिली. मी खूश, तो खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा परत. "दादा, मध्येच बंद पडते. आणि रेस सोडली तरी जरा वेळ ओढतेच."

मी दुसऱ्यांदा कार्ब साफ केला. आयडलिंगचा स्क्रू थोडा खाली घेतला. आणि कार्बच्या दोन्ही नट जोर लावून आवळल्या, ढिलं काही राहायला नको म्हणून. संध्याकाळी तो पुन्हा आला, गाडी न चालवता. सांगत होता की एक माणूस लहान मुलीला पुढे बसवून फेरी मागत होता, पण यानेच दिली नाही. "रेस सोडल्यावर थांबत नाय, दादा. पोरीला कसं बसवू?"

गिऱ्हाईक सोडलं त्याने, ऐन दिवाळीत. आणि गाडी काय सांगतेय ते माझ्यापेक्षा त्याला जास्त ऐकू आलं होतं.

दोष कार्बच्या आत नव्हताच. कार्ब आणि इंजिन यांच्या मधल्या जोडावर होता. तिथली ओ रिंग दबून चपटी झालेली, तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. मी नट आवळल्या तेव्हा कार्बचा ॲल्युमिनियमचा कान वाकला आणि गळती आणखी वाढली. काचेवर एमरी पेपर ठेवून तो कान घासून सपाट केला, नवीन ओ रिंग टाकली, काम झालं. ओ रिंगची किंमत किरकोळ. पण त्याचे धंद्याचे चांगले दिवस गेले. मजुरी मी घेतली नाही, घेण्यासारखं तोंडच नव्हतं.

तर आजचा मुद्दा एवढाच. "चोकवरच चालते" या तक्रारीचे अर्थ दोन असतात. चोक काय करतो? हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक लावल्यावरच गाडी चालत असेल तर इंजिन म्हणतंय, एकतर मला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त येतेय. पहिल्याला कार्ब साफ करणं हा उपाय आहे. दुसऱ्याला नाही. आणि त्या गाडीत दोन्ही एकदमच होतं, म्हणून मी फसलो.

म्हणून आता मी पाना उचलण्याआधी तीन गोष्टी बघतो.

पहिली, पेट्रोल. कार्बच्या खालच्या वाटीला, म्हणजे बाऊलला, एक ड्रेन स्क्रू असतो. खाली काचेचा ग्लास धरा, कॉक चालू करा, स्क्रू सोडा. पेट्रोल एकसारखं आलं पाहिजे. थोडा वेळ येऊन धार बारीक झाली तर टाकीचं झाकण उघडून बघा. उघडल्यावर धार परत सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, कार्बचा काही संबंध नाही. मग ग्लास उजेडात धरा. तळाला वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. आपल्याकडे पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बला पेट्रोल तळातूनच जातं. कोकणातला पावसाळा आणि अर्धी रिकामी टाकी, पुढचं तुम्हीच समजा.

दुसरी, करंट. प्लग काढून टोपीत लावा, इंजिनला टेकवा, सेल्फ मारा. आधी सांडलेलं पेट्रोल पुसा, ग्लास लांब ठेवा, प्लगच्या भोकावर कापड धरा. पेट्रोल आणि ठिणगी एका जागी नको. एटीव्हीला इंजिन बंद करायचे स्विच जास्त असतात. हँडलवर एक असतो, आणि मुलांना बसवायच्या बऱ्याच गाड्यांना मागे दोरीचा स्विच असतो, दोरी ओढली की गाडी बंद. खाऱ्या हवेत त्यांचे पॉइंट गंजतात आणि गाडी मिसिंग मारते. माणूस कार्ब खोलत बसतो आणि दोष स्विचमध्ये असतो. प्लगचा रंगही बघा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट कोरडा म्हणजे हवा जास्त, विटकरी म्हणजे बरं चाललंय.

तिसरी, हवा. फिल्टरचा फोम वाळूने भरला असेल तर गाडी उलटी वागते, चोक काढल्यावर बरी आणि लावल्यावर दम कोंडल्यासारखी. आणि कार्बपासून इंजिनपर्यंतचा जोड तपासा. गाडी कशीबशी आयडलिंगला ठेवा आणि फुलझाडांवर मारायच्या फवाऱ्याने त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा, प्लगपासून लांब. आवाज बदलला की तिथून हवा जातेय. काहीजण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनवर मी तरी मारत नाही. आणि रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, तर बहुतेकदा मिश्रणात हवा जास्त आहे. स्क्रू फिरवून ते लपवू नका. मी लपवलं होतं.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच कार्बकडे वळायचं. कार्बच्या आत कुठे बघायचं हेही गाडीच सांगते. चालू होत नाही, आयडलिंगला थांबत नाही, तर स्लो जेट. अर्ध्या रेसला अडखळते, तर स्लाइडला लटकलेली लांब सुई आणि तिची जागा. पूर्ण रेसला दम सोडते, तर मेन जेट. खालच्या नळीतून पेट्रोल टपकतं, तर फ्लोटचा व्हॉल्व्ह. हे शेवटचं असेल तर गाडी चालू करण्याआधी ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर आधी ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंगला ते महागात पडतं.

आता उघडू. कॉक बंद, बाऊल रिकामा. आजूबाजूची वाळू आधी ब्रशने झाडा, ती आत गेली तर सगळं पाण्यात. वरचं झाकण फिरवून केबलसकट स्लाइड बाहेर काढा. सुईवरची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवा. दोन नट काढून कार्ब हातात घ्या आणि इंजिनच्या तोंडाला स्वच्छ कापड लावा.

बाऊल उघडल्यावर फ्लोटची पिन हलक्या हाताने ढकला. ती जिथे बसते ते खांब नाजूक असतात, ठोकलं की तुटतात. मेन जेट, स्लो जेट काढताना स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच घ्या. पितळ मऊ असतं. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजून लिहा. जोडताना तेवढेच उघडायचे. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर घेतला की वाढतं. बरेच लोक इथेच उलटं फिरवत बसतात.

रबरं बाजूला ठेवून कार्ब क्लीनर मारा, डोळ्याला चष्मा लावून. मग प्रत्येक भोकातून हवा मारा आणि दुसऱ्या टोकाला ती येते का ते बोटाने बघा. जेट उजेडाकडे धरून पाहा, भोक गोल दिसलं पाहिजे. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात सुई, टाचणी, स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया. वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल वाजलं तर तो फुटलाय.

जोडताना जुनं पॅकिंग आणि ओ रिंग परत वापरू नका. स्लाइडची खाच आतल्या पिनवर बसली पाहिजे, आणि स्लाइडचा कापलेला भाग फिल्टरकडे. नट थोड्या थोड्या, आलटून पालटून आवळा. घट्ट म्हणजे घट्ट, जोर नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालू करण्याआधी अंगठ्याची रेस पूर्ण दाबून सोडा. स्लाइड टक् असा आवाज करून खाली आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे वळवून एकदा, उजवीकडे वळवून एकदा. जरा जरी अडकली तर गाडी चालू करायची नाही. मग गाडी न्यूट्रलला ठेवून चालू करा, रेस देऊन सोडा, इंजिन लगेच खाली येतं का ते बघा. दोरीचा स्विच ओढून गाडी बंद होते का तेही बघा. तोवर गाडीवर कोणाला बसवू नका, स्वतःही बसू नका.

तो पोरगा आता मे संपताना स्वतःच कॉक बंद करतो, बाऊल रिकामा करतो, टाकीतलं पेट्रोल स्कूटरला वापरून टाकतो. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, असं सांगायला गॅरेजवर आला होता. मी विचारलं, "रेस सोडल्यावर थांबते ना?" म्हणाला, "ते आधी बघितलं, दादा."

आज एवढंच. तुमची गाडी काय त्रास देतेय ते लिहून पाठवा. पण "कार्ब खराब आहे" असं लिहू नका. गाडी कधी बंद पडते, चोकवर काय करते, रेस सोडल्यावर काय करते, तेवढं लिहा. बाकीचं मिळून शोधू. भेटूया पुढच्या भागात.