ट्रंकेतील पत्र



येथे दुबईत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काहींचे वडील, काका किंवा भाऊ भारतीय सैन्यात होते. आज मी एका जवानाची बहीण म्हणून बोलणार आहे.

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षे तोफखान्यात होता. १९९९ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याला नीट ऐकू येत नव्हते. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व मान्य केले. मात्र ते ‘सैन्यसेवेमुळे उद्भवलेले नाही, बळावलेलेही नाही’ असा शेरा मारला. अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले. “ताई, सरकारपुढे हात पसरणे मला जमणार नाही,” असे म्हणून त्याने ते पत्र ट्रंकेत ठेवून दिले.

२०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानावे. पुढील आजार सेवेमुळे नाही हे दाखविण्याचा भार जवानावर नाही. मंडळाने आपली कारणे लिहिली पाहिजेत. मी ट्रंक उघडली. आयुष्यभर रुग्णांच्या नोंदी वाचलेले माझे डोळे भरतीच्या कागदावर थांबले: दोन्ही कान निर्दोष! मंडळाच्या अहवालात मात्र कारणाची एकही ओळ नव्हती.

२०१४ साली आम्ही सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज केला आणि निवृत्तिवेतन मंजूर झाले. परंतु थकबाकी अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळाली. विलंब झाल्यास ती सामान्यतः तेवढीच द्यावी, हे तरसेम सिंग खटल्यात २००८ सालीच ठरले होते. मधली बारा वर्षे अभिमानापायी गेली.

म्हणून सांगते: नकाराचे पत्र आल्यास मुदतीत अपील करा. भरतीची तपासणी, मंडळाचा अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवा. निवृत्तीच्या तारखेनुसार नियम बदलतात. २०२३ साली नवे नियम आले आहेत, तेव्हा जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या. येथे राहून खटला चालवायचा असल्यास मुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित करून घेता येते.

हक्क मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. आज रात्री मायदेशी फोन लावा आणि विचारा, ट्रंकेत असे एखादे पत्र आहे का?