मालक नसलेल्यांचा विमा

१९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने एक तत्त्व रुजविले. वर्गणी वेतनानुसार, उपचार गरजेनुसार. २०१९ मध्ये मालकाची वर्गणी ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के ठरली. घरात माणसे वाढली म्हणून ती वाढत नाही. रिक्षाचालकाला वा शिंप्याला मात्र मालकच नाही. बाजारातील कुटुंब-विम्याचा हप्ता त्याच्या मिळकतीवर नव्हे, तर बहुधा घरातील सर्वांत वडील माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे मिळकत ओसरू लागते नेमका तेव्हाच हप्ता चढतो! सप्टेंबर २०२५ मध्ये अशा विम्यावरील १८ टक्के कर गेला, हे बरेच झाले. हिशेबाची रीत तीच राहिली. मालकाचा वाटा सरकारने उचलावा व कामगार विम्याचे दार या कुटुंबांना उघडावे, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी रिक्षाथांब्यांवर गेले पाहिजे.